ग्रँड कॅन्यन उतरायचं ते कोणत्या ऋतूत?

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना उतारवयात प्रवासी कंपनीत नोकरी लागली. (हशा) पण प्रश्न खरा आहे आणि या सभागृहातल्या पुष्कळांच्या घरचा आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत. नातवंडांच्या शाळेला सुट्टी जून ते ऑगस्ट. म्हणून आपण जातो तेही तेव्हाच, आणि अ‍ॅरिझोनातली ग्रँड कॅन्यन बघायचं ठरतं तेही तेव्हाच. वरून बघायची असेल तर काही बिघडत नाही. पण पायी खाली उतरायचं असेल तर वर्षातला सगळ्यात वाईट काळ आपण निवडलेला असतो. तो वाईट का, हे कळलं की चांगला कोणता ते आपोआप कळतं.

आपली सगळी सवय सह्याद्रीची. आधी चढ, मग उतार. दमलो तर मागे फिरायचं, आणि मागे फिरणं म्हणजे खाली जाणं, म्हणजे सोपं. शिवाय जसजसं वर जावं तसतशी हवा थंड. दरीत हे सगळं उलटं होतं. सकाळी ताज्या दमानं, थंड हवेत उतार. पाय आपोआप पडत जातात, माणूस खूश असतो. चढ येतो तो शेवटी, पाय भरून आल्यावर, आणि तो सुरू होतो सगळ्यात गरम ठिकाणापासून. उतरायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा, असं तिथले रेंजर सांगतात. दरीत चुकीचा निर्णय सोपा असतो आणि त्याची किंमत उशिरा कळते. नीतिशास्त्राच्या वर्गाला याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नसतं.

आता आकडे. दक्षिण कडा समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून उंच. तळाशी कोलोरॅडो नदी, तिथली उंची साधारण ७५० मीटर. कोरड्या हवेत दर हजार मीटर उतरलं की तापमान नऊ-दहा अंशांनी वाढतं. जुलैत कड्यावर दुपारी सरासरी २९ अंश असतात. पुण्याच्या माणसाला ते फारच सुखाचं वाटतं. त्याच दुपारी तळाशी ४१. आणि हा सावलीतला आकडा झाला. उन्हातल्या खडकावर तो कितीतरी जास्त. तळाच्या काळपट खडकाला भूगर्भशास्त्रात ‘विष्णू शिस्ट’ म्हणतात. आपल्या देवांची नावं तिथल्या शिखरांनाही आहेत, विष्णू, शिव, ब्रह्मा; एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या अभ्यासकांना ती हौस होती. तर हा सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षांचा विष्णू दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता परत देत राहतो. जुलैत तळाशी रात्रीसुद्धा पारा पंचविशीच्या आसपास.

घामाचं एक सांगतो, कारण तिथे आपला अनुभव आपल्याला फसवतो. मुंबई-कोकणात घाम निथळतो, शर्ट चिकटतो, म्हणून कळतं की पाणी जातंय. वाळवंटात घाम येताक्षणी सुकतो. माणूस म्हणतो, ‘मला घामच नाही येत.’ येतो, दिसत नाही एवढंच. मग कोणीतरी सांगतं, भरपूर पाणी पी. तो नुसतं पाणी पीत सुटतो, आणि रक्तातलं मीठ इतकं कमी होतं की ओकारी, चक्कर, भ्रम सुरू होतो. तेही जिवावर बेततं. म्हणून पाण्याबरोबर खारे शेंगदाणे, चिवडा, काहीतरी खारट तोंडात टाकत राहायचं. आपल्या शिदोरीत हे असतंच, ती बॅगेच्या तळाशी ठेवू नका म्हणजे झालं.

कोणी म्हणेल, जूनपेक्षा ऑगस्ट बरा, पाऊस पडतो. हो, तिथेही पावसाळा आहे आणि त्याला ते मान्सूनच म्हणतात. मान्सून आणि आपला मोसम, दोन्ही शब्द अरबी ‘मौसिम’वरून आले, म्हणजे ऋतू. पण तो आपला पाऊस नव्हे. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी ढग जमतात, विजा पडतात, तासाभरात कोसळून मोकळे. उघड्या खडकात पाणी मुरत नाही, ते सरळ घळीत धावतं. १२ ऑगस्ट १९९७ ला त्याच कोलोरॅडोच्या खोऱ्यात, पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत अकरा पर्यटक वाहून गेले. घळीवर फारसा पाऊस नव्हता. तो पडला होता काही मैल वर. सप्टेंबर २०१५ मध्ये युटातल्या झायनच्या कीहोल घळीत सात जण असेच गेले. आपण डोक्यावरचं आभाळ बघून ठरवतो. तिथे दुसऱ्याच्या डोक्यावरचं आभाळ बघावं लागतं. म्हणून अरुंद घळीत जायचं असेल तर पावसाळ्याचे हे अडीच महिने सरळ वगळावेत, असं माझं मत आहे.

उरला हिवाळा, वसंत आणि शरद. हिवाळ्याला लोक उगीच घाबरतात. जानेवारीत तळाशी दुपारी १३ अंश, चालायला उत्तम. अडचण वरच्या टप्प्यात. ब्राइट एंजेलच्या वाटेवर वरती ऊन पोचत नाही, बर्फ तुडवून तुडवून काचेसारखा होतो. बुटाला काटे लावल्याशिवाय पाय ठेवू नये. दिवसही जेमतेम पावणेदहा तासांचा. उत्तर कड्याचा रस्ता तर हिवाळ्यात बंदच असतो.

इथे एक गंमत आहे. या दरीत पिढ्यानपिढ्या राहणारे हवासुपाई लोक नेमकं उलट करत. उन्हाळ्यात खाली, ओढ्याकाठी मका, घेवडा, भोपळा पिकवायचा. हिवाळ्यात वर पठारावर, जिथे सरपण आणि शिकार मिळते, ऊन मिळतं. ते चुकत होते का? मुळीच नाही. त्यांना उतरून त्याच दिवशी वर यायचं नव्हतं. ‘उत्तम ऋतू कोणता’ असं आपण विचारतो तेव्हा ‘कोणासाठी’ आणि ‘कशासाठी’ हे दोन शब्द गाळलेले असतात. अ‍ॅरिस्टॉटल वैद्य आणि नावाडी यांचं उदाहरण देतो ते यासाठीच: नियम पाठ असून भागत नाही, प्रसंग ओळखावा लागतो.

तर आपल्यासारख्या, दोन-तीन दिवसांत उतरून चढणाऱ्या माणसासाठी? एप्रिल आणि ऑक्टोबर आकड्यांत जवळपास सारखे: तळाशी २८-२९, वर १५ ते १८. रानफुलं हवी असतील तर एप्रिल. मी ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा निवडेन. पावसाळी वादळं संपलेली, वाटेवर अजून बर्फ नाही, आणि मुख्य म्हणजे शरीर उन्हाळ्यातून निघालेलं असतं, त्याला उष्णतेची सवय असते. एप्रिलमध्ये थंडीतून आलेलं शरीर एकदम २८ अंशांत ढकललं जातं. मेमध्ये तर तळ ३३ वर जातो. दरीत रात्री मुक्काम करायचा तर परवाना लागतो आणि त्यासाठी काही महिने आधी अर्ज करावा लागतो. म्हणून विमानाचं तिकीट त्यानंतर काढा.

एका बाईंची चिठ्ठी आली आहे: ‘आमचं जुलैचं तिकीट झालं आहे, नातू दहा वर्षांचा, त्याला उतरायचंच आहे.’ उतरू द्या की. उजाडायच्या आत निघा, ब्राइट एंजेलच्या वाटेनं दीड मैलावर विश्रांतीची जागा आहे, उन्हाळ्यात तिथे नळाला पाणी असतं. तिथे बसून खा, आणि मागे फिरा. दहाच्या आत कड्यावर. नदी दिसली नाही म्हणून तो रडेल. रडू द्या. आणि ‘आणखी थोडंसंच’ म्हणणारा नातू नसतो, बहुतेक वेळा त्याचा बाप असतो. त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.