ऊन पाण्याची नळी : तांब्याची की प्लॅस्टिकची ?

माहूरच्या डोंगरपठारावर मार्गशीर्ष-पौषातील थंडी कशी असते, हे येथे राहणारास सांगावयास नको. पूर्वी घरोघरी तांब्याचा बंब पेटत असे व घंगाळात पाणी काढून स्नाने होत. आता सरपण मिळणे दुरापास्त झाल्यामुळे अनेकांनी गच्चीवर सूर्यतापाने पाणी तापविणारे यंत्र बसविले आहे. यंत्राची चौकशी सर्वच करतात. परंतु तेथून न्हाणीघरापर्यंत पाणी आणणाऱ्या नळीची चौकशी फार थोडे करतात. आम्हीही केली नव्हती.

सेवानिवृत्तीच्या रकमेतून आम्ही यंत्र बसविले, तेव्हा कारागिराने थंड पाण्याचीच पांढरी पीव्हीसी नळी जोडली. हिवाळाभर काही बिघडले नाही. वैशाखात लग्नकार्यासाठी आम्ही सहकुटुंब आठ दिवस परगावी होतो. पाण्याचा उपसा नसल्याने टाकीतील पाणी उकळीस आले. परत येऊन तोटी सोडताच मऊ पडलेली नळी सांध्यातून निसटली व कढत पाणी जिन्यावर आले. नातू दोनच पायऱ्या खाली उभा होता. दोष केवळ कारागिराचा नव्हे. स्वस्तातली नळी पाहून आम्हीच होकार दिला होता.

साधी पीव्हीसी सुमारे 60 अंश सेंटिग्रेडच्या वर टिकाव धरीत नाही. सीपीव्हीसी म्हणून जी निराळी, किंचित पिवळसर नळी मिळते ती सुमारे 93 अंशांपर्यंत चालते. दोन्ही दिसण्यात जवळजवळ सारख्या. सबब नळीवरील छाप वाचल्यावाचून पैसे देऊ नयेत. सीपीव्हीसीवर भारतीय मानक 15778 हा क्रमांक असावा.

तांबे सुमारे 1,085 अंशांवर वितळते, म्हणून उकळत्या पाण्याचे त्यास भय नाही. तथापि त्याची किंमत कितीतरी अधिक, सांधे डाखाचे, आणि ते काम जाणणारा कारागीर तालुक्याच्या गावी सहसा सापडत नाही. शिवाय उघड्यावरील तांब्यावर चोराची दृष्टी असते. तांब्याची नळी लोखंडी नळीस थेट जोडल्यास लोखंड लवकर गंजते. मध्ये पितळेचा तुकडा घालावा.

प्लॅस्टिकचा मोठा दोष म्हणजे ते तापल्यावर फार वाढते. 10 मीटर लांबीची नळी 40 अंशांनी तापली तर तांबे सुमारे 7 मिलीमीटर वाढते, सीपीव्हीसी सुमारे 27. ती भिंतीत गच्च आवळली तर वाकते किंवा सांधा ताणते. म्हणून पकडी सैल ठेवाव्यात आणि लांब ओळीत एखादे वळण द्यावे. उन्हातही ती काही वर्षांत ठिसूळ होते. मग वानरांनी एकदा तिच्यावर उडी घेतली की काम संपले !

उष्णता वाहून नेण्यात तांबे प्लॅस्टिकच्या हजारो पट पुढे आहे, हे खरे. परंतु एवढ्यावरून प्लॅस्टिकच्या नळीत पाणी ऊन राहील असे समजू नये; वेष्टन दोहोंसही हवे. त्याहून महत्त्वाची गोष्ट नळीच्या लांबीची. पाऊण इंची सीपीव्हीसीच्या 10 मीटरांत सुमारे अडीच लिटर पाणी मावते, व ऊन पाणी येण्यापूर्वी तेवढे गार पाणी सांडावे लागते. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरवर घागरींची रांग लागते, तेथे हे सांडणे परवडणारे नाही. न्हाणीघराजवळच यंत्र बसविणे उत्तम. निदान ते पाणी बादलीत धरून झाडांस घालावे.

आम्ही अखेर असे केले : टाकीजवळील पहिले 7 फूट तांब्याचे, पुढे सीपीव्हीसी, वर वेष्टन. टाकीची हवानळी उघडी आहे की नाही हे दरमहा पाहतो, आणि परगावी जाताना काचेच्या नळ्यांवर गोणपाट झाकून जातो. चिकटविलेले सांधे पूर्ण वाळल्यावाचून त्यांत ऊन पाणी सोडू दिले नाही. कारागीर घाई करीत होता. बंब मात्र मोडीत दिलेला नाही. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, तेव्हा तो पुन्हा परसात पेटतो.