हॉटेलातले ताट आणि आपले मत

सावेडीत पाइपलाइन रोड, प्रोफेसर कॉलनी या भागात आता प्रांतोप्रांतीचे पदार्थ मिळतात. पगार झाला की आम्ही घरची मंडळी एकदा बाहेर जेवतो, आणि परतताना वाद रंगतो. मुलीला डोसा हवा, सौ. म्हणतात, पीठ नीट आंबले नाही तर डोशाला जाळी पडत नाही. मुलाला पंजाबी छोले-भटुरे आवडतात. आम्हाला मैदा अन् तेल जड जाते. आई मात्र ठाम! ठेचा-भाकरी नसेल तर ते जेवणच नाही.

आईचे हे ठणकावून बोलणे आम्हाला मोलाचे वाटते. तिच्या वडिलांना गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी होती. चहा बाहेर बसून प्यायचा, कप आपणच विसळायचा. त्यांना चव कोण विचारणार? १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या १५ व्या कलमाने उपाहारगृहाचे दार सर्वांना खुले केले. १९५५ च्या कायद्याने अडवणाऱ्याला शिक्षाही ठरवली. तरी ती कपबशी पुढे बरीच वर्षे टिकली.

म्हणून बंधू-भगिनींनो, मुलांना ताटावर बोलू द्या. चांगले झाले तर आचाऱ्याला शाबासकी द्या. बिघडले तर मालकाला सांगा, नम्रपणे, पण मान वर करून.