जेडचे बोन्साय आणि नागपूरचा पावसाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पलीकडे जातो आणि गच्चीवरच्या कुंड्या करपू लागतात. जाड, मांसल पानांचे जेड मात्र तग धरून राहते. पुढे पाऊस लागतो, इतर झाडे तरारतात आणि नेमके जेडच पाने गाळू लागते. बुंधा दाबून पाहावा तर मऊ लागतो. भर उन्हाळा सोसलेले झाड पावसाळ्यात का दगावते? या प्रश्नाचे उत्तर पानांच्या रात्रपाळीत आणि उथळ कुंडीतील पाण्याच्या वागण्यात आहे.

जेड कोणते?

नर्सरीत ‘जेड’ या नावाने दोन झाडे मिळतात. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेतील. पहिले क्रॅसुला ओव्हाटा. याची पाने मोठी आणि खोड मऊ असते. दुसरे पोर्टुलाकारिया आफ्रा. ते आपल्या घोळीच्या भाजीचे दूरचे नातलग. याची पाने करंगळीच्या नखाएवढी आणि कोवळ्या फांद्या लालसर असतात. बोन्सायसाठी आपल्याकडे बहुधा हे दुसरे झाड वापरतात, कारण लहान पानांमुळे छोटे झाडही मोठ्या वृक्षासारखे दिसते.

पानांची रात्रपाळी

बहुतेक वनस्पती दिवसा पर्णरंध्रे उघडून कार्बन डायॉक्साइड घेतात. त्याच वाटेने पानातील पाणीही उडून जाते. क्रॅसुलासारख्या वनस्पती रंध्रे रात्री उघडतात. आत आलेला कार्बन डायॉक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या रिक्तिकांमध्ये साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून, उन्हाच्या मदतीने त्याची साखर बनवतात. कंपनी सरकारच्या नोकरीत भारतात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी १८१५ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रात पानफुटीविषयी लिहिले होते की, तिची पाने सकाळी आंबट लागतात आणि दुपारपर्यंत हा आंबटपणा नाहीसा होतो. त्याचे कारण हेच साठवलेले आम्ल.

पोर्टुलाकारिया याहून लवचीक आहे. पाणी मुबलक असले तर ते बरेचसे इतर झाडांप्रमाणे दिवसा काम करते आणि पाणी तुटले की रात्रपाळीकडे वळते. पण रात्रपाळीला गारवा लागतो. मे महिन्यात नागपुरात रात्रीचे तापमानही पुष्कळदा ३० अंशांच्या आसपास रेंगाळते. अशा रात्री आम्ल फारसे साठत नाही. झाड रंध्रे मिटून जवळजवळ स्वस्थ बसते. म्हणून या दिवसांत खत घालणे, छाटणी करणे किंवा ‘बिचारे तहानलेले आहे’ म्हणून रोज पाणी देणे व्यर्थ असते. झाड पाणी ओढतच नसेल, तर ते मुळांशीच साचून राहते.

उथळ कुंडीचे कोडे

उथळ कुंडीत पाणी कमी राहत असेल, असे आपल्याला वाटते. एक साधा प्रयोग करून पाहा. आयताकृती स्पंज पाण्यात भिजवून तळहातावर आडवा धरा. ठिबकणे थांबले की तो उभा करा. पाणी पुन्हा ठिबकू लागेल.

केशाकर्षणामुळे मातीच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो. या थराची उंची कणांच्या आकारावर अवलंबून असते, कुंडीच्या खोलीवर नाही. समजा, एखाद्या मातीत हा थर ४ सेंटिमीटरचा आहे. २० सेंटिमीटर खोल कुंडीत तो पाचवा हिस्सा झाला. ५ सेंटिमीटरच्या बोन्सायच्या ताटलीत मात्र जवळजवळ सगळी मुळे त्यातच बुडतात. पावसाळ्यात हा थर सुकतच नाही. मुळांना श्वसनासाठी प्राणवायू मिळत नाही, ती कुजतात आणि कूज बुंध्यात चढते.

तळाशी खापऱ्यांचा थर दिल्याने हे टळत नाही. पाण्याचा थर फक्त खापऱ्यांच्या वर सरकतो आणि मुळांची जागा आणखी कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. खरा उपाय म्हणजे कण मोठे घेणे.

विदर्भातील काळी माती कपाशीला उत्तम, पण या कुंडीला नाही. तिचे कण अतिशय बारीक असतात. ओली झाली की ती फुगते आणि सुकली की भेगाळून बारीक मुळे तोडते. त्याऐवजी हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे दोन भाग, जाड वाळू एक भाग आणि चांगले कुजलेले शेणखत एक भाग घ्यावे. विटांची भुकटी मात्र चाळून टाकावी, नाहीतर तीच फटी बुजवते.

वर्षभराची निगा

जून ते सप्टेंबर कुंडी सज्जाखाली ठेवावी, जिथे ऊन येईल पण पाऊस पडणार नाही. पाणी वाराप्रमाणे देऊ नये. काडी खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली किंवा पाने किंचित सुरकुतली, तरच भरपूर पाणी द्यावे. उन्हाळ्यात दुपारी हिरव्या जाळीची सावली पुरते. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी घालू नये. बाष्पीभवनाने त्यात क्षार साठलेले असतात.

पाऊस ओसरला की छाटणी करावी. पाने समोरासमोर असल्याने जोडीच्या लगेच वर कापले की खाली दोन फुटवे येतात. झाडाचा आकार मुख्यतः असाच घडवावा, कारण पाण्याने भरलेल्या फांद्या तारेने वाकवताना सहज मोडतात. छाटलेले तुकडे चार-पाच दिवस सावलीत सुकवून लावावेत. कुंडी बदलताना मुळे कापली, तर आठवडाभर पाणी देऊ नये. जखम सुकली नाही, तर कूज तिथूनच शिरते.

वर्गासाठी

पानफुटीची सारख्या वजनाची पाने सकाळी सहाला आणि सायंकाळी पाचला तोडून सारख्याच पाण्यात वाटावीत व गाळावीत. दोन्ही द्रावणांत फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकून, गुलाबी रंग येईपर्यंत विरल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने शिक्षकांनी स्वतः घालावे. थेंब विद्यार्थ्यांनी मोजावेत. पाने चाखू देऊ नयेत. मग हाच प्रयोग दोन जेडच्या झाडांवर करावा, एक नियमित पाणी दिलेले आणि दुसरे तीन आठवडे कोरडे ठेवलेले. सकाळ-सायंकाळच्या थेंबांतील फरक कोणत्या झाडात जास्त निघेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांकडून आधीच लिहून घ्यावा.