भट्टीपासून गल्ल्यापर्यंत

सांगली जिल्ह्यातले खानापूर आणि आटपाडी हे तालुके पर्जन्यछायेतले. टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी तिथल्या शिवारात आलं ते अलीकडे. त्याआधीच्या पिढ्यांनी बाजरी-ज्वारी पेरली, आभाळाकडे डोळे लावले आणि पीक करपलं की पोरांना बाहेर धाडलं. काही मुंबईच्या गिरण्यांत गेली. काहींनी मात्र दूरच्या सराफ बाजारांची वाट धरली. कोईमतूर, त्रिसूर, मदुराई, हैदराबाद, दिल्ली अशा शहरांत जाऊन ती सोनं-चांदी गाळू लागली. बाजारात त्यांना गलाईवाले म्हणतात. यांतले बहुतेक जन्माने सोनार नाहीत, कुणबाऊ घरांतले आहेत. आज त्यांतल्या कित्येकांची स्वतःची सराफी दुकानं आहेत. गलाईच्या भट्टीसमोर बसणारा माणूस दुकानाच्या गल्ल्यावर कसा पोहोचला, हे समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात व्हायची ती नात्यातून. कुणाचा मामा, कुणाचा चुलता आधीच तिकडे असायचा. दहावी झालेला किंवा नापास झालेला पोरगा त्याच्याबरोबर गाडीत बसायचा. पहिली काही वर्षं भांडी घासणं, भट्टी पेटवणं, दुकान झाडणं. त्या झाडण्यालाही मोल होतं, कारण सराफ बाजारात केर कुणी फेकत नाही. कानस मारताना उडालेला कण, हात धुतलेलं पाणी, बसायच्या पोत्याची धूळ या सगळ्यांत सोनं असतं. आपल्याकडे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच सोनं धुऊन काढत आले. गलाईवालाही कारागिराकडून हा केर विकत घेतो, जाळतो, धुतो आणि त्यातून धातू मिळवतो.

खरी विद्या पुढची. गिऱ्हाइकाने शंभर ग्रॅम बावीस कॅरेटचे जुने डाग आणले, तर त्यात चोख सोनं सुमारे ९१.६ ग्रॅम. बाकी चांदी-तांबं. ते वेगळं काढायचं तर आधी त्यात आणखी चांदी घालावी लागते, हे नवख्याला उलटंच वाटतं. पण मिश्रणात सोनं फार असेल तर तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, आतल्या चांदीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून सोन्याचा वाटा एक चतुर्थांशावर आणतात; शंभर ग्रॅमच्या मालाला साधारण २६७ ग्रॅम चांदी लागते. हे सगळं मुशीत वितळवून पातळ करायचं आणि तेजाबात उकळायचं. चांदी-तांबं विरघळतं आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती पाहून कुणी तिला सोनं म्हणणार नाही. धुऊन, टाकणखार घालून ती पुन्हा मुशीत वितळली की पिवळी लगड हाती येते. सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सिअस तापमान लागतं. विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या द्रावणात तांब्याचे पत्रे सोडले की चांदी खाली बसते.

या कामात तेजाबातून तांबूस विषारी वायू निघतो. अरुंद बोळातल्या कोंदट खोलीत, धुराडं धड नसताना, माणसांनी उमेदीची वर्षं तो छातीत घेतला. या धंद्याच्या भरभराटीचं कौतुक करताना ही किंमत आधी मोजली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

गाळणावळीतून कुणी श्रीमंत होत नाही. दुकानाची वाट मोकळी झाली ती टंच काढण्याच्या हातखंड्यामुळे. कसोटीवर रेघ ओढून, तिच्यावर तेजाब लावून उरलेल्या रंगावरून कस सांगणारा माणूस बाजाराला हवा असतो. तो अर्धा टक्का चुकला तर कारागीर बुडतो किंवा तो स्वतः बुडतो. कारागिराने मोड आणली की गलाईवाला टंच काढून तिथल्या तिथे तेवढं चोख सोनं त्याच्या हातावर ठेवू लागला, गाळणं मागाहून. म्हणजे तो आता मजूर राहिला नाही, व्यापारी झाला. भांडवल आलं ते भावकीतून, गाववाल्यांकडून, बरंचसं शब्दावर. त्यापुढे ओळखीच्या कारागिराकडून चार अंगठ्या, दोन मंगळसूत्रं घडवून घेऊन काचेच्या कपाटात मांडायची, एवढंच अंतर उरलं.

पण एवढंच अंतर कापायला काळही अनुकूल लागतो. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. देशभरातल्या सुवर्णकारांचे हाल झाले, काहींनी जीव दिला. पुढे १९६८ च्या कायद्याने परवाने, नोंदवह्या आणि साठ्याच्या मर्यादा कायम ठेवल्या. हातात कला असली तरी छोट्या माणसाला उघडपणे दुकान थाटणं कठीण होतं. १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला, १९९७ पासून बँकांना सोनं आयात करायची मुभा मिळाली आणि चोख सोनं राजरोस मिळू लागलं. कष्टाने सगळं साधतं असं म्हणणाऱ्यांनी ही दोन वर्षं लक्षात ठेवावीत. भट्टीवरची आधीची पिढी काही कमी कष्टाळू नव्हती.

दुकान झाल्यावर निराळीच परीक्षा सुरू होते. कारागिराची बाजारात पारख होते ती धातूवरून. दुकानदाराला गिऱ्हाइकाशी तासभर बोलावं लागतं, तेही तमिळमध्ये किंवा मल्याळममध्ये. नक्षीची आवड प्रांताप्रांतात बदलते. १ जुलै २०१७ पासून सोन्यावर तीन टक्के जीएसटी आला, तेव्हा जमाखर्च वहीतून संगणकावर न्यावा लागला. १६ जून २०२१ पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. टंच काढायला आता क्ष-किरणांचं यंत्र आहे. दागिना न कापता ते काही क्षणांत आकडा सांगतं. ज्या हातखंड्यावर गलाईवाला दुकानापर्यंत आला, त्याचं मोल यंत्राने कमी केलं हे खरं. तरी ते यंत्र मुख्यतः पृष्ठभाग वाचतं. जाड मुलाम्याखाली काय दडलंय ते वितळवल्यावरच नक्की कळतं, आणि ते वितळवणं या माणसाला येतं. म्हणून मोड घेताना मला तरी असाच दुकानदार बरा वाटतो.

धनत्रयोदशीला दुकानात जाल तेव्हा दोन गोष्टी करा. नव्या दागिन्यावर कोरलेला सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घालून पाहा. शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार तिथे दिसतो. आणि जुना डाग मोडीत घालत असाल तर आधी तुमच्यासमोर वजन करायला सांगा, मग तुमच्यासमोरच वितळवून टंच काढायला सांगा. भट्टीवर बसलेला मालक याला नाही म्हणणार नाही.