सत्र परदेशात, प्रश्न खानदेशातले

जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची २२ टन केळी दुबईला गेली. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले होते आणि त्या मानांकनासह निघालेला हा माल होता. त्याची बातमी झाली, व्हायलाच हवी होती. पण असा माल निघतो तेव्हा त्याच्याबरोबर जे कागद जातात, त्यांच्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही.

त्या कागदांत काय काय असते? निर्यातदाराचा आयात-निर्यात कोड. केळीवर कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला. ०८०३ या आकड्याने सुरू होणारा मालाचा सांकेतिक क्रमांक, जो रावेर तालुक्यातल्याच सावद्यात आणि दुबईत सारखाच वाचला जातो. रीफर (शीत) कंटेनरचे तापमान १३-१४ अंशांच्या आसपास राखण्याची सूचना, कारण त्याहून गार झाले तर केळीची साल काळवंडते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे सौदा कुठवरचा? न्हावा-शेवापर्यंतचा 'एफओबी', की जेबेल अली बंदरापर्यंतचा 'सीआयएफ'?

सीआयएफमध्ये जहाजभाडे आणि विमा विकणाऱ्याने भरायचा असतो. तरीही माल जहाजावर चढला की वाटेतल्या नुकसानीचा धोका खरेदीदाराकडे जातो. पैसे एकाचे, जोखीम दुसऱ्याची. हे पहिल्यांदा ऐकणारा मुरलेला व्यापारीसुद्धा पुन्हा विचारून खात्री करून घेतो. त्यापुढची गोष्ट आणखी बारीक आहे. हे नियम ठरवणारे आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळ सांगते की कंटेनरने जाणाऱ्या मालासाठी 'एफओबी'पेक्षा 'एफसीए' (माल वाहतूकदाराच्या हवाली केला की धोका खरेदीदाराकडे) बरा. कंटेनर जहाजावर चढण्याआधी यार्डात उभा राहतो आणि 'एफओबी'त तेवढा काळ धोका विकणाऱ्याच्याच गळ्यात असतो. केळीसारख्या नाशवंत मालाला यार्डातला एक दिवसही फार असतो.

हे सगळे 'आंतरराष्ट्रीय व्यवसाय' या विषयाच्या पहिल्याच सत्रात शिकवतात. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया विणणारे कारखाने आहेत, डाळ मिलमध्ये भरडायला येणारी तूर कधी म्यानमारची असते, कधी मोझांबिकची. ठिबकच्या नळ्या इथून जगभर जातात. म्हणजे ज्या विषयासाठी मुले सातासमुद्रापार जातात, त्याची प्रयोगशाळा त्यांच्या घरामागेच चालू असते. म्हणूनच खानदेशातल्या विद्यार्थ्याने परदेशात एखादे सत्र शिकायला जाणे ही हौसेची बाब समजू नये. घरचा धंदा नीट समजून घेण्याची ती एक वाट आहे.

या वाटेला 'स्टुडंट एक्स्चेंज' म्हणतात. परदेशी पदवीपेक्षा हा प्रकार पूर्ण वेगळा आहे. पदवी इथल्याच विद्यापीठाची. शिक्षण मात्र एक सत्र, फार तर वर्षभर, करार झालेल्या परदेशी विद्यापीठात. तिथली शिकवणी फी सहसा माफ असते, विद्यार्थी आपली फी आपल्याच विद्यापीठात भरतो. तिथून आलेला विद्यार्थीही तसेच करतो.

ऐकायला सोपी वाटणारी ही व्यवस्था उभी राहायला एका बाईची चिकाटी लागली. इटलीची सोफिया कोराडी ही कायद्याची विद्यार्थिनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि १९५८ मध्ये तिथली पदव्युत्तर पदवी घेऊन रोमला परतली. रोमच्या विद्यापीठाने ते शिक्षण धरायलाच नकार दिला. तिकडे काय शिकलात ते तुमचे तुम्ही, इथे त्याची नोंद होणार नाही, असा तो कारभार होता. कोराडीबाई पुढे अध्यापनात गेल्या आणि १९६९ पासून त्यांनी एकच मागणी लावून धरली: दुसऱ्या देशात शिकलेले घरच्या विद्यापीठाने मोजलेच पाहिजे. १९८७ मध्ये युरोपात 'इरॅस्मस' योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी देशांतर करून शिकले. युरोप कोराडीबाईंना 'मामा इरॅस्मस' म्हणजे 'इरॅस्मसची आई' म्हणू लागला.

त्यांची मागणी हाच एक्स्चेंजचा कणा आहे. युरोपात एका सत्राला ३० श्रेयांक (क्रेडिट) असतात आणि एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते. भारतात २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांकांची बँक आली. मे २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी संस्थांशी सहकार्याचे नियम आणले आणि 'ट्विनिंग' पद्धतीत (पदवी इथली, काही अभ्यास तिथला) ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशातून मिळवण्याची मुभा दिली. कागदावर दार उघडे झाले आहे.

प्रत्यक्षात त्या दारातून जाताना एक कागद सर्वांत मोलाचा ठरतो, तो म्हणजे 'लर्निंग अॅग्रीमेंट'. तिथला कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाच्या जागी धरायचा, हे त्यात आधीच लिहिलेले असते. त्यावर विद्यार्थी आणि दोन्ही विद्यापीठे अशा तिघांच्या सह्या होतात. या कागदाकडे दुर्लक्ष झाले, तर विद्यार्थी भरपूर शिकून परत येतो आणि इथे त्याला तोच विषय पुन्हा द्यावा लागतो. गुणांचीही गंमत आहे. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम शेरा आणि ५.० म्हणजे नापास. फ्रान्समध्ये वीसपैकी चौदा मिळाले की प्राध्यापक खूश असतात. नव्वद टक्क्यांची सवय असलेल्या घरात तो चौदाचा आकडा आधी समजावून सांगावा लागतो.

खर्चाबद्दल स्वच्छ बोलायला हवे. फी माफ झाली तरी राहणे, जेवण, विमा आणि विमानप्रवास आपल्याच खिशातून. जर्मनीत विद्यार्थ्याने निर्वाहासाठी बँकेत अडकवून ठेवायची रक्कम २०२४च्या सप्टेंबरपासून महिन्याला ९९२ युरो धरली गेली आहे. म्हणजे पाच महिन्यांचे जवळपास पाच हजार युरो. केळीचा भाव पडलेल्या वर्षी ही रक्कम यावलच्या शेतकरी कुटुंबाने कुठून उभी करायची? इथे शिष्यवृत्तीचा आधार लागतो. फ्रेंच दूतावासाची 'शार्पाक' शिष्यवृत्ती भारतीय संस्थांतून एक्स्चेंजवर जाणाऱ्यांसाठी आहे. 'इरॅस्मस प्लस'मध्ये युरोपीय विद्यापीठ भारतीय विद्यापीठाशी मिळून अर्ज करू शकते आणि मग निवडलेल्या विद्यार्थ्याला प्रवासखर्च आणि मासिक भत्ता मिळतो. दोन्ही ठिकाणी विद्यार्थी एकटा काही करू शकत नाही. आधी त्याच्या संस्थेचा करार लागतो.

तिथे जाऊन नेमके काय शिकतात? आंतरराष्ट्रीय व्यवसाय हा निदान पुस्तकात मांडता येणारा विषय. उद्योजकता शिकवता येते का, हा वाद मात्र जुना आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये मायल्स मेस यांनी १९४७च्या फेब्रुवारीत नवे उद्योग चालवण्यावर पहिला अभ्यासक्रम घेतला. वर्गात १८८ विद्यार्थी होते, युद्धावरून परतलेले अनेक. फिनलंडमधल्या युवास्कुला या शहरात १९९३ पासून 'तीमिआकातेमिया' नावाचा प्रयोग चालू आहे. तिथे नेहमीचे वर्ग नाहीत. विद्यार्थी पहिल्या वर्षीच गट करून खरीखुरी कंपनी काढतात, गिऱ्हाईक शोधतात, पैसे कमावतात, आणि शिक्षक प्रशिक्षकासारखे बाजूला उभे राहतात.

या वादात सर्वांत मार्मिक भर घातली ती भारतात जन्मलेल्या सरस सरस्वती यांनी. नोबेलविजेते हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी २७ अनुभवी उद्योजकांना एक काल्पनिक धंदा उभारायला सांगितले आणि ते विचार कसा करतात हे टिपून घेतले. व्यवस्थापनाची पुस्तके सांगतात, आधी ध्येय ठरवा, मग साधने जमवा. हे उद्योजक नेमके उलटे करत होते. मी कोण, मला काय येते, माझ्या ओळखीचे कोण, एवढ्यावर सुरुवात. गमावणे परवडेल तेवढेच पणाला. ध्येय वाटेत घडत जाणार. २००१ साली हा विचार प्रसिद्ध झाला आणि आज जगभरच्या उद्योजकतेच्या वर्गांत तो शिकवतात.

जळगावकराला यात नवे काही वाटणार नाही, कारण भवरलाल जैन यांचे चरित्र त्याला ठाऊक असते. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचा, कायद्याची पदवी घेतलेला हा तरुण सरकारी नोकरीची संधी सोडून १९६३ मध्ये घरातल्या सात हजार रुपयांवर रॉकेलच्या विक्रीत उतरला. मग शेतीच्या सामानाच्या एजन्सी. १९७८ मध्ये केळीची पावडर करणारा एक कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन हे विकर काढून ते परदेशी पाठवायला सुरुवात केली. मग पीव्हीसी पाइप. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोच्या प्रदर्शनात त्यांनी ठिबक सिंचन पाहिले आणि तापी-पूर्णेच्या काठचे शेतीचे गणितच बदलले. आधुनिक ठिबकचे घर इस्राएल. तिथल्या 'नानदान' कंपनीचा अर्धा हिस्सा त्यांच्या जैन इरिगेशनने २००७ मध्ये घेतला आणि २०१२ मध्ये उरलेलाही. पुढे कर्जाचा भार वाढला. २०२३ मध्ये कंपनीचा परदेशातला सिंचन व्यवसाय 'रिव्हुलिस' या कंपनीत विलीन झाला. हा शेवटचा भागही अभ्यासाचाच आहे. परदेशात कंपनी विकत घेणे हे कौशल्य, आणि तिच्यासाठी काढलेले कर्ज पेलणे हे निराळे कौशल्य.

हार्वर्डच्या केस स्टडींमध्ये जैन इरिगेशनही आहे. उद्या एखादी जळगावची मुलगी परदेशातल्या वर्गात बसेल आणि समोर तिच्याच गावाची गोष्ट चर्चेला येईल. त्या दिवशी वर्गात सर्वांत जास्त माहिती तिच्याकडे असेल, फक्त ती मांडायची सवय हवी.

आणि ही सवय आपल्याकडे कमी पडते. डच अभ्यासक खेर्त हॉफस्टेड यांनी देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांची पाहणी करून वरिष्ठांचा धाक मोजला. त्यांच्या मोजपट्टीवर भारताला ७७ आणि डेन्मार्कला १८ गुण आहेत. आकड्यांवर वाद घालता येईल, पण कोपनहेगनच्या वर्गात प्राध्यापकाला पहिल्या नावाने हाक मारायची वेळ येते तेव्हा धुळ्याच्या मुलाची जीभ अडखळते हे खरे. गटात काम करताना गप्प राहणारा तिथे काम टाळणारा समजला जातो. इथे त्यालाच आज्ञाधारक म्हणतात. सत्राचे पहिले चार आठवडे बहुतेक यातच जातात. पालकांनी त्या काळातले फोन थोडे कमी करावेत, एवढीच विनंती.

खानदेशाशी जोडलेली परदेशी शिक्षणाची सर्वांत मोठी गोष्ट मात्र अर्ध्यावर सुटलेल्या अभ्यासाची आहे. डिसेंबर १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना काढला: वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. १९६६ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले तेव्हा त्यांचा मुलगा अझीम कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला अभियांत्रिकी शिकत होता. वय एकवीस. तो परतला आणि तूप-साबणाच्या कंपनीचा कारभार हाती घेतला. तीच कंपनी पुढे विप्रो झाली. पदवीचे राहिलेले काम अझीम प्रेमजींनी तीसेक वर्षांनी पूर्ण केले. सुरुवातीच्या काळात घेतलेले शेअर न विकता सांभाळून ठेवलेली घरे अमळनेरात आजही आहेत. गावातल्या शिक्षकाने, किराणा दुकानदाराने बाजाराची चढउतार सोसत धीर धरणे हाही उद्योजकतेचा एक धडा आहे आणि तो अजून पुस्तकात यायचा आहे.

प्रेमजींना वडिलांच्या घरातून स्टॅनफर्ड दिसले. फ्रेझ्नोचे प्रदर्शन पाहिले तेव्हा भवरलालजींच्या पाठीशी दोन दशकांचा धंदा होता. आजच्या विद्यार्थ्याला तोच परिचय विसाव्या वर्षी, वर्गाच्या सुरक्षिततेत मिळू शकतो. अडचण संस्थांची आहे. महानगरांतल्या खासगी विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय विभाग असतो, करार असतात, अर्ज भरून देणारी माणसे असतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या संलग्न महाविद्यालयात हे सहसा नसते. जळगाव, धुळे आणि नंदुरबारसाठी १९९० मध्ये स्थापन झालेल्या, आता कवयित्री बहिणाबाईंचे नाव घेतलेल्या विद्यापीठाकडे पदवी देण्याचा अधिकार आहे. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय किंवा शिरपूरचे आर. सी. पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय अशा स्वायत्त संस्थांना अभ्यासक्रम जुळवून घेण्याची मोकळीक आहे. दोन-तीन परदेशी विद्यापीठांशी नेटका करार आणि पूर्णवेळ काम करणारा एक समन्वयक, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.

कराराची दुसरी बाजूही आहे. दोन विद्यार्थी पाठवायचे तर दोन विद्यार्थी घ्यावे लागतात, नाहीतर फीमाफीचा हिशेब जुळत नाही. तेव्हा प्रश्न असा की फिनलंडचा विद्यार्थी धुळ्यात येऊन काय शिकेल? भरपूर काही. पांझरेच्या काठावर फड पद्धती काही शतके चालत आली आहे. पाणी कोणाला किती हे लाभधारकांनीच मिळून ठरवायचे. दोंडाईच्यात मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना आहे, नंदुरबारला मिरचीचा बाजार. ऑक्टोबरमध्ये आलेल्या पाहुण्याला रावेर-यावलकडे केळीच्या कांदेबागेची लागवड होताना दिसेल. त्याच सत्रात तो सावद्याहून कंटेनर निघालेला पाहील आणि अमळनेरात जाऊन विप्रोच्या जुन्या भागधारकांशी बोलेल. त्याला इंग्रजीतून शिकवणारे सहा-सात विषय, वसतिगृहात स्वच्छ खोली, आणि गावकऱ्यांशी बोलताना अहिराणी समजावून देणारा वर्गमित्र लागेल. पहिल्या दोन गोष्टी विद्यापीठाने ठरवायच्या आहेत. तिसरी धुळ्यातल्या कुठल्याही वर्गात बसलेली सापडेल.