लिहायला विषय नाही? जात्यापाशी बसा!

मंडळी, "आज काय लिहू?" असं झालं की मला आपल्या गंगाखेडच्या संत जनाबाई आठवतात. दळण, कांडण, शेणी वेचणं. रोजच्या कामातच त्यांना अभंग सापडले.

आपणही जवळचंच बघू.

🔸 भेंडी घ्या. ‘परभणी क्रांती’ हे वाण आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाचं. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देणारं. बाजारात शेंडा मोडून भेंडी निवडणाऱ्या आजीशी बोला, अर्धी पोस्ट तिथंच तयार!

🔸 ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ कुठून आलं? गल्लीत पाच जणांना विचारा. पाच उत्तरं म्हणजे पाच विषय.

ऐकलेलं लगेच टिपून ठेवा, संध्याकाळपर्यंत विसरतं.

तुमच्या गावचा विषय कोणता? सांगा की!

#परभणी #लिहितेव्हा