मागे न फिरणारा आकडा

पेट्रोल पंपावर गिऱ्हाईक ज्या आकड्याकडे टक लावून बघतं, तो आकडा फार तर दोन-चार मिनिटं टिकतो. "झिरो बघून घ्या मामा," म्हणत पोरगा नोझल उचलतो, आकडे शून्यावर येतात, पळतात, थांबतात आणि पुढची मोटारसायकल आली की पुसले जातात. त्याच यंत्रावर आणखी एक अरुंद खिडकी असते, जिच्याकडे गिऱ्हाईक बघत नाही. तिथल्या आकड्याला शून्यावर आणायची सोयच ठेवलेली नसते. यंत्र बसवलं त्या दिवसापासून त्या नोझलमधून किती लिटर गेलं, त्याची बेरीज तिथे चालू असते. कागदोपत्री तिला टोटलायझर म्हणतात, पंपावरचे लोक नुसतं 'रीडिंग' म्हणतात.

चुडावा हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातलं, नांदेडच्या बाजूचं रेल्वे स्टेशनाचं गाव. त्या भागातल्या एका पंपावर सकाळची शिफ्ट बदलताना मी बसून पाहिली, ती या रीडिंगसाठी. उजाडायच्या वेळेला रस्त्यावर दूधवाले आणि उसाच्या ट्रॉल्या होत्या. रात्रपाळीच्या पोराचे डोळे तांबारले होते, दिवसपाळीचा अंघोळ करून आलेला. दोघं यंत्रापुढे उकिडवे बसले. रात्रीच्यानं आकडा मोठ्यानं वाचला, सकाळच्यानं तोच पुन्हा मोठ्यानं म्हटला आणि मॅनेजरांनी लिहिला. वाचणारा एक, पडताळणारा दुसरा, लिहिणारा तिसरा. एका नोझलचं झालं की दुसऱ्याचं. तोवर कुणालाही पेट्रोल मिळत नव्हतं. एक जण हॉर्न वाजवत राहिला, पण कुणी मान वर केली नाही.

एवढी शिस्त का, ते हिशेब पाहिल्यावर कळतं. समजा डिझेलच्या नोझलचं ओपनिंग ४,१८,३६२.४ होतं आणि क्लोजिंग ४,१९,९०७.९ आलं. फरक १५४५.५ लिटर. त्यातले ५ लिटर सकाळी मापात काढून तपासले आणि परत टाकीत ओतले, म्हणजे ते टेस्टिंगमध्ये गेले. विक्री १५४०.५ लिटर. भाव ९२ रुपये धरला तर रात्रपाळीच्या पोरानं १,४१,७२६ रुपयांचा हिशेब द्यायचा : रोख, क्यूआर कोडवर आलेले, कार्डावरचे आणि उधारीच्या चिठ्ठ्या. कमी पडले तर त्याच्या अंगावर. आकडा एका लिटरनं चुकीचा लिहिला गेला, तर ते नव्वद-ब्याण्णव रुपये एकाच्या खिशातून जाऊन दुसऱ्याच्या पदरात पडतात. म्हणून दोघांच्या सह्या झाल्याशिवाय रात्रीचा पोरगा घरी जात नाही.

यंत्राच्या पोटात काय चालतं ते साधं आहे. डिझेल पिस्टनच्या मीटरमधून जातं, प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं घनफळ पुढे ढकललं जातं आणि त्या फेऱ्यांनी दांडा फिरतो. मीटर थोडा सैल किंवा घट्ट करायला एक चाक असतं. वैधमापनशास्त्र विभागाचा निरीक्षक तपासणी करून त्या चाकाला तार ओवतो आणि शिशाचं सील मारतो. सीलवर वर्षाचे दोन आकडे आणि तिमाहीचं ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर असतं. ही पडताळणी दरवर्षी करावी लागते. मधल्या काळात पंपावर पाच लिटरचं शंकूसारखं माप ठेवावंच लागतं. माप आधी ओलं करून निथळायचं, सपाट जागी ठेवायचं, पाच लिटर सोडायचं आणि मानेवरच्या खुणेशी डोळा लावून बघायचं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरच्या पलीकडे तूट चालत नाही. हे माप गिऱ्हाइकालाही मागता येतं. तिथे बसलो तेवढ्या वेळात ते कुणी मागितलं नाही. "झिरो बघा" म्हटल्यावर मात्र झाडून सगळे बघत होते.

मीटर कितीही खरा असला तरी त्याचा आकडा माणसानं वाचून माणसानंच लिहायचा, ही या व्यवहारातली जुनी दुखरी जागा. त्यावर कधी काळी एक अस्सल यांत्रिक तोड निघाली होती : मीटरनंच कागदावर लिहायचं. घरपोच इंधन देणाऱ्या टँकरवर, विमानात इंधन भरणाऱ्या गाड्यांवर अशी तिकीट छापणारी यंत्रं असत. भंगारात निघालेल्या एका टँकरवर मला ते बघायला मिळालं. मीटरच्या डोक्यावर पेटी, पुढे मोठे आकडे, खाली एक फट आणि बाजूला मूठ. कार्बन घातलेलं तिकीट फटीत सारायचं आणि मूठ फिरवायची. पेटीतल्या आकड्यांच्या चाकांवर उलटे, उठावाचे अंक कोरलेले असतात. कागद त्यांच्यावर दाबला जातो आणि सुरुवातीचं रीडिंग उमटतं. त्याच क्षणी तिकीट आत अडकतं. इंधन सोडून होईपर्यंत ते बाहेर काढता येत नाही. शेवटी मूठ पुन्हा फिरवली की दुसरं रीडिंग त्याच तिकिटावर छापलं जातं आणि मगच कागद सुटतो. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक टँकरवाल्याला. वीज नाही, शाईची फीत नाही. काही यंत्रं दर वेळी शून्यापासून छापत, काही मागे न फिरणारी बेरीजच आधीची आणि नंतरची अशी छापत. दुसऱ्या प्रकारात आधीच्या गिऱ्हाइकाच्या तिकिटाचा शेवटचा आकडा पुढच्याच्या तिकिटाचा पहिला आकडा होई. वाटेत कुणी चोरून शंभर लिटर विकलं, तर दोन तिकिटांमधली फट ते सांगून टाकी.

या घराण्यातलं मोठं नाव व्हीडर-रूट. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या कर्टिस व्हीडर यांनी १८९५ मध्ये सायकलच्या चाकाला लावायचा अंतरमापक काढला. १९२८ मध्ये त्यांची कंपनी रूट या आकडेयंत्रं बनवणाऱ्या कंपनीशी एक झाली आणि १९३० च्या दशकात लिटर-गॅलनबरोबर पैशांचाही गुणाकार करणारी दातेरी चाकांची पेटी पंपात बसू लागली. भाव बदलायचा म्हणजे त्या पेटीतली चाकं सरकवायची. चाकं मोजकीच असत, त्यामुळे भावाच्या आकड्यालाही कमाल मर्यादा असे. १९७९ च्या तेलसंकटात अमेरिकेत गॅलनचा भाव डॉलरच्या पुढे गेला, तेव्हा कित्येक पंपांनी यंत्रावर निम्मा भाव लावला आणि येणारी रक्कम दुप्पट करून घेतली.

आपल्याकडे तोच पेच २०२१ मध्ये आला. तेव्हा यंत्रं इलेक्ट्रॉनिक झाली होती, तरी जुन्या यंत्रांची भावाची खिडकी दोन आकडी रुपयांचीच होती. प्रीमियम पेट्रोलनं शंभरी गाठली, तेव्हा भोपाळकडे काही पंपांवर त्याची विक्रीच थांबवावी लागली. परभणी जिल्ह्याला चढ्या भावाची ओळख जुनी आहे. देशात सगळ्यांत महाग पेट्रोल कुठे, या बातमीत परभणीचं नाव वर्षानुवर्षं येत राहिलं. सप्टेंबर २०१८ मध्ये इथे नव्वदी ओलांडली गेली. इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून तीनशेहून अधिक किलोमीटर टँकरनं येतं, ते भाडं भावात चढतं. चुडाव्याहून जाणारा लोहमार्गही मनमाडलाच पोचतो, पण पंपावरच्या टाकीपर्यंत यायला टँकरच लागतो. १६ जून २०१७ पासून भाव रोज सकाळी सहाला ठरू लागले, म्हणून शिफ्टचं रीडिंगही सहाच्या ठोक्याला घ्यावं लागतं. पलीकडचा लिटर नव्या भावाचा.

त्याच २०१७ मध्ये आधी लखनौला आणि मग ठाणे पोलिसांच्या छाप्यांत महाराष्ट्रात जे उघड झालं, त्यानं पंपचालकांची झोप उडाली. दांड्याचे फेरे विजेच्या ठोक्यांत बदलणाऱ्या पल्सरमध्ये चिप बसवून, ठोके वाढवले जात होते. पडद्यावर शून्य चोख दिसायचं आणि पुढचा आकडा खोटा असायचा.

अशा वेळी आणखी एक साक्षीदार उपयोगी पडतो, आणि तो जमिनीखाली असतो. रीडिंग झाल्यावर मॅनेजर टाकीच्या झाकणाकडे गेले. डिप म्हणजे पितळी मोजदांडी. तिच्या टोकाला त्यांनी पाणी ओळखणारी पेस्ट फासली, डिप तळाला टेकवून सरळ वर काढली, ओल कुठवर आली ते वाचलं आणि तक्त्यावरून लिटर काढले. पेस्टचा रंग बदलला नव्हता, म्हणजे तळाला पाणी नव्हतं. मग काचेच्या नळकांड्यात नमुना घेऊन घनता आणि तापमान पाहिलं, घनता १५ अंशांवर आणून लिहिली. टँकरच्या चलनावरच्या घनतेपेक्षा ३ एककांहून जास्त फरक आला तर माल संशयास्पद. नोझलमधून गेलेलं आणि टाकीतून घटलेलं, दोन्ही रजिस्टरात शेजारी शेजारी येतं. यंत्र हजार लिटर विकलं म्हणतंय आणि टाकी साडेनऊशेच घटलीय, असं रोज होऊ लागलं तर चूक पोराच्या वाचण्यात नसते. उन्हाळ्यात बाष्पीभवनानं पेट्रोल थोडं उडतं, तेव्हा फरक उलट्या बाजूला झुकतो. मॅनेजरांना तो अंदाजानं ठाऊक असतो.

आता यंत्राला छापखानाही जोडलेला असतो, बटण दाबलं की पावती. पण ती थर्मल कागदाची. गाडीच्या काचेपाशी उन्हात ठेवली तर काही दिवसांत कोरी होते. मॅनेजर म्हणाले, "पावती गिऱ्हाइकाची, रजिस्टर आमचं." त्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, चुकलं तर एक आडवी रेघ, वर खरा आकडा आणि सही.

मी विचारलं, मागे न फिरणारा आकडा यंत्र बदलल्यावर कुठे जातो? त्यांनी जुनं रजिस्टर काढून पान उघडलं. जुनं यंत्र उतरवलं त्या दिवशीचं त्याचं शेवटचं रीडिंग, खाली नव्या यंत्राचं पहिलं, बसवणाऱ्या तंत्रज्ञाची सही, मॅनेजरांची सही आणि सील केल्याची नोंद. जुन्या यंत्राची बेरीज तिथे संपली होती आणि नव्याची सुरू झाली होती. मधल्या ओळीत एका लिटरचीही जागा मोकळी ठेवलेली नव्हती.